कुलकर्ण्याच्या गावात छापखाना

१९१० हे साल नवं वर्तमानपत्र काढण्याचं नव्हतं. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शिवरामपंत परांजप्यांचा ‘काळ’ त्याच वर्षी मिटला. फेब्रुवारीत सरकारने नवा प्रेस कायदा आणला होता. नवा छापखाना थाटायचा किंवा नवं पत्र सुरू करायचं, तर मॅजिस्ट्रेट पाचशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत जामीन मागू शकत होता, आणि एखादं वाक्य सरकारला खुपलं की तो जामीन जप्त. ज्यांची पत्रं चालू होती तेही जपून लिहीत होते.

अशा वर्षी, २३ नोव्हेंबरला, अहमदनगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातल्या एका पंचविशीतल्या तरुणाने साप्ताहिक काढलं. तरुणाचं नाव मुकुंदराव पाटील, पत्राचं ‘दीनमित्र’. सुरुवातीला अंक बाहेर छापून घ्यावे लागत. पुढे छापखानाच तरवडीत आला. हे पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षं चाललं. मोठ्या शहरांतली, पैशाची आणि पुढाऱ्यांची पाठराखण असलेली कितीतरी पत्रं या काळात निघाली आणि बुडाली.

मुंबई-पुण्याबाहेरची मराठी पत्रं तोवर नवी राहिलेली नव्हती. खुद्द नगरला तर मोठी परंपरा होती. अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरमधूनच सुरू झाला. रत्नागिरीत ‘जगन्मित्र’, साताऱ्यात ‘शुभसूचक’, ठाण्यात ‘अरुणोदय’ ही सगळी एकोणिसाव्या शतकातली पत्रं. पण ही गावं म्हणजे जिल्ह्याची ठाणी. तिथे कलेक्टर कचेरी होती, कोर्ट होतं, वकील होते, शाळामास्तर होते, आणि वर्गणी भरणारा, सही करता येणारा वर्ग होता. तिथल्या संपादकाला वाचक शोधत हिंडावं लागत नसे. संध्याकाळी वाचनालयात तो भेटायचाच. तरवडीला यातलं काही नव्हतं. नगरवरून दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून जात होती, पण नगर सोडलं की पुढे बैलगाडी.

मग पत्र खेड्यातून का काढायचं? याचं उत्तर मुकुंदरावांच्या घरात सापडतं.

त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले पहिल्या फळीतले कार्यकर्ते. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. शेतकरी आणि कारागीर जातींची बाजू मांडणारं हे पहिलं महत्त्वाचं पत्र. तीनच वर्षांत ते भालेकरांच्या हातून गेलं आणि मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते पुढे चालवलं. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणं लोखंड्यांनी ‘दीनबंधु’त छापली आणि पुढची छापायचं थांबवलं, तेव्हा फुल्यांनी त्यांना भित्रा म्हणायलाही कमी केलं नाही. आपल्याच माणसाचं आपलंच पत्र, आणि तेही आपलं पुरतं छापत नाही, हा धडा सत्यशोधकांना फार लवकर मिळाला होता. शहरातल्या पत्राला शहराचं दडपण असतंच.

भालेकरांचे एक सत्यशोधक सहकारी तरवडीचे गणपतराव पाटील. ‘दीनमित्र’ हे नाव मूळ त्यांचं. १८८८ च्या सुमारास त्यांनी या नावाचं मासिक काढलं होतं. ते तरुणपणीच वारले, मासिक बंद पडलं, आणि त्यांच्या घराण्यात भालेकरांचा मुकुंद दत्तक गेला. म्हणजे या मुलाला एका बापाकडून हातचं गेलेलं वर्तमानपत्र मिळालं, तर दुसऱ्याकडून बंद पडलेलं मासिक. वारसा म्हणून तसा हा आतबट्ट्याचाच. १९१० मध्ये कृष्णराव भालेकरही गेले, आणि त्याच वर्षी मुकुंदरावांनी दत्तक घराण्याचं नाव आणि जन्मदात्याचा धंदा एकत्र केला.

आता तरवडीतून पत्र काढण्याचा खरा अर्थ बघू. तो कळायला कुलकर्णी कळावा लागतो. आजच्या वाचकाला हे आडनाव वाटतं. तेव्हा ती सत्ता होती. पाटील गावचा कारभारी, वसुलीचा आणि बंदोबस्ताचा मालक. पण गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या कब्जात. कोणाची जमीन किती, आकार किती, सारा कोणी भरला आणि कोणाचा राहिला, हे सगळं त्याच्या बोरूच्या टोकावर. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातले साक्षर शेकडा सहाच्या आसपास भरले, आणि खेड्यातल्या कुणब्या-माळ्यांमध्ये तर तेवढेही नव्हते. शेतकरी कागदावर नांगराची निशाणी करायचा आणि शेजारी त्याचं नाव दुसराच कोणी लिहायचा. पैसे भरले तरी पावतीवर काय लिहिलंय हे त्याला कळायला मार्ग नव्हता. अर्ज लिहायचा तर कुलकर्णी, पत्र वाचून घ्यायचं तर कुलकर्णी, सावकाराचा रोखा करायचा तरी बहुतेक वेळा लिहिणारा तोच.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी काय केलं हे आठवावं. सुप्याच्या बाजारात १२ मे रोजी सुरुवात झाली आणि लोण श्रीगोंदे, पारनेरपर्यंत पसरलं. माणसं मारण्यापेक्षा त्यांचा भर होता कर्जरोखे आणि खतावण्या हिसकावून जाळण्यावर. आपल्याला बांधून ठेवणारी गोष्ट कागद आहे, एवढं त्यांना पक्कं समजलं होतं. सरकारने चौकशी समिती नेमली, १८७९ मध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कागद मात्र नवे तयार झाले, कारण लिहिणारे हात तेच होते. पस्तीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात एक माणूस गावात छपाईचे खिळे, त्यांच्या केस आणि यंत्र आणून बसवायच्या मार्गाला लागतो, याचं महत्त्व या हिशेबाने लावलं पाहिजे.

पुण्यातल्या संपादकाचं धैर्य आपण नेहमी मोजतो, आणि ते मोजलंच पाहिजे. राजद्रोहाचा खटला, काळं पाणी, जप्ती ही काही लहान गोष्ट नव्हे. पण व्हाइसरॉय काही रोज सकाळी पारावर भेटत नसतो. खेड्यातला संपादक ज्याच्यावर लिहितो, तो त्याला विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात गाठतो. संपादकाचं शेत त्या कुलकर्ण्याच्याच दप्तरात असतं. त्याच्या वर्गणीदारांची शेतंही असल्याच कोणाच्या तरी दप्तरात असतात. या धैर्याला आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात पानंच कमी मिळाली आहेत, असं माझं मत आहे.

मुकुंदरावांनी लढाईसाठी निवडलेलं हत्यारही गावचंच होतं. १९१३ साली त्यांचं ‘कुलकर्णी लीलामृत’ आलं. नाव ऐकताच ‘शिवलीलामृत’ आठवावं अशी योजना. श्रावणात घरोघर पोथी लागते, ओवीची चाल कानात असते. त्याच चालीवर कुलकर्ण्याच्या लीलांचं आख्यान. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते एकदा ऐकलं की लक्षात राहणारं. याच नेवाश्यात खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, असं वारकरी सांगतात. त्याच तालुक्यातल्या एका संपादकाने सहाशे वर्षांनी ओवी वसुलीच्या दप्तराला लावली, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जरा गंभीरपणे घ्यायला हवं. सावकारीवर ‘शेटजी प्रताप’, भटभिक्षुकीवर ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही कादंबरी. पुस्तकांची नुसती नावं वाचली तरी लेखकाचा स्वभाव कळतो. ‘दीनमित्र’मधल्या त्यांच्या सदराचं नाव होतं ‘आसूडाचे फटके’. फुल्यांचा असूड पुढच्या पिढीने खाली ठेवलेला नाही, हे सांगायला दुसरं शीर्षक लागलं नसतं.

‘कुलकर्णी लीलामृता’मुळे कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं रद्द केली, असं कौतुकाने सांगितलं जातं. मला हे थोडं ताणलेलं वाटतं. महाराजांना ते पुस्तक आवडलं होतं यात शंका नाही, आणि १९१८ मध्ये त्यांनी ही वतनं काढून पगारी तलाठी नेमले हेही खरं. पण पुरोहिताने वैदिक मंत्र नाकारले त्या वेदोक्त प्रकरणापासून महाराजांचे स्वतःचे अनुभव काही कमी नव्हते. संस्थानच्या खेड्यांतून तक्रारींचे अर्ज येतच होते. एखाद्या पोथीने राजा निर्णय घेत नाही. पोथीने होतं ते वेगळं: निर्णय झाल्यावर गावात तो समजून घेणारी माणसं तयार असतात. ‘दीनमित्र’चं काम हे होतं, आणि ते राजाला पटवण्याहून अवघड होतं.

पत्र चालायचं कसं? संपादकीयापेक्षा हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. देवनागरीचे खिळे म्हणजे इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरांची गंमत नव्हे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकड्यांनी खिळे लागत. ते मुंबईहून विकत आणायचे, झिजले की पुन्हा आणायचे. जुळारी खेड्यात मिळत नाही. पोरं हाताशी धरून शिकवावी लागतात. कागदाची रिमं रेल्वेने नगरला आणि तिथून गाडीने. पहिल्या महायुद्धात परदेशी कागदाची आवक तुटली आणि भाव चढले, तेव्हा शहरातल्या मातब्बर पत्रांनीही पानं कमी केली. खेड्यातल्या साप्ताहिकाला जाहिरातीचा आधार तर जवळपास शून्य. तरवडीत कोण कशाची जाहिरात करणार?

या सगळ्यात खेड्यातल्या संपादकाचा खरा मित्र होता पोस्ट खातं. वर्तमानपत्राच्या हलक्या अंकाला पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं, तिकीट पुरायचं. १८७७ पासून व्ही. पी.ची, म्हणजे टपाल हाती देताना पोस्टमनने पैसे घेण्याची, सोय होती, १८८० पासून मनीऑर्डर. छापखाना कुठेही असो, अंक ओतूरला, साताऱ्याला, वऱ्हाडात, कोल्हापुरात एकाच दराने पोहोचणार. पुण्यात राहण्याचा फायदा पोस्टाने निम्म्याने कमी करून टाकला होता, हे तेव्हाच्या फारच थोड्यांच्या ध्यानात आलं. अर्थात व्ही. पी. परत येण्याचं दुखणं तेव्हापासूनचंच. वर्षभर अंक वाचायचा आणि वर्गणीची व्ही. पी. आली की पोस्टमनला तोंड दाखवायचं नाही, हा वर्गणीदार जातिभेदाच्या पलीकडे गेलेला होता.

आणि अंक पोहोचला की तो एकाचा राहत नसे. गावात वाचता येणारा एक, भोवती ऐकणारे दहा. त्यामुळे मुकुंदरावांचं गद्यसुद्धा बोलल्यासारखं आहे: मोठ्याने वाचलं तर चालणारं, हशा कुठे पिकेल हे ठाऊक असलेलं. सत्यशोधकांचे जलसे याच काळात गावोगाव फिरत होते. तमाशाच्या बाजाचे, पण गण-गवळणीच्या जागी भटजी, सावकार, कुलकर्णी यांची फजिती दाखवणारे. जलसा एका रात्रीत संपतो; ‘दीनमित्र’ दर आठवड्याला येतो. दोघांचा मजकूर आणि श्रोता एकच होता.

जोशी वतनाची गोष्टही इथेच सांगायला हवी. लग्नाला भटजी बोलावला नाही तरी गावच्या वतनदार जोशाला दक्षिणा द्यावी लागे. तो हक्क कोर्टात जाऊन वसूल करता येई. जुन्नरजवळच्या ओतूरला १८८४ मध्ये सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्नं लावली, तेव्हापासून ही कोर्टबाजी चालू होती. शेवटी १९२६ मध्ये, सी. के. बोल्यांनी पुढाकार घेतल्यावर, मुंबई कायदेमंडळाने असा न केलेल्या कामाचा मोबदला बेकायदा ठरवला. कायदेमंडळातल्या मतदानाची नोंद सरकारी दप्तरात आहे. पण बोल्यांच्या मागे उभं राहिलेलं जनमत चाळीस वर्षं कुठे शिजत होतं, हे पाहायचं तर ‘दीनमित्र’सारख्या पत्रांची फाइल उघडावी लागते. गेल ऑम्वेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवरचा आपला ग्रंथ लिहिताना ती उघडली होती. १९७६ साली तो ग्रंथ आला, तोवर आपल्याकडच्या बहुतेक इतिहासकारांना तरवडी नकाशावर दाखवता आली नसती.

दहा वर्षांत ‘दीनमित्र’ एकटा राहिला नाही. कोल्हापुरात ‘विश्वबंधू’, बडोद्यात भगवंतराव पाळेकरांची ‘जागृती’, पुण्यात वालचंद कोठाऱ्यांचा ‘जागरूक’ आणि श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ‘दीनमित्र’चं नाव अशा पत्रांच्या पंगतीत घेतलं, जिथे बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते. पण पुढे लगेच त्यांनी हेही बजावलं की ‘ब्राह्मणेतर’ या एका नावाखाली इतक्या जाती येतात की अस्पृश्यांच्या प्रश्नांना त्यात पुरती जागा मिळणं शक्य नाही; त्यासाठी वेगळं पत्र हवं. मान देऊन केलेली ही टीका होती, आणि रास्त होती. मुकुंदराव अस्पृश्यतेच्या विरोधात ठामपणे लिहीत, पण ‘दीनमित्र’चा ऐकणारा दहाजणांचा घोळका पारावरचा होता. महारवाड्यातला माणूस त्या पारावर बसत नव्हता.

दुसरी मर्यादा राजकारणाची. सत्यशोधकांना इंग्रज सरकारपेक्षा गावातला जुलूम जवळचा वाटत असे. काँग्रेस ही त्यांच्या लेखी पुण्याच्या पेठांची. १९२० पर्यंत या भूमिकेत तथ्य बरंच होतं. १९३० नंतर केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर नेते काँग्रेसमध्ये गेले, बहुजन तरुण मिठाच्या सत्याग्रहात उतरला, आणि जुनं सत्यशोधकी पत्र मागे पडत गेलं. मुकुंदराव आपल्या जागेवरून हलले नाहीत. याला निष्ठा म्हणा किंवा हट्ट. मला दोन्ही दिसतात. पण या हट्टामुळेच पत्र टिकलं असंही म्हणता येईल. ‘मूकनायक’ काही वर्षांतच थांबला. प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘प्रबोधन’ मुंबई, सातारा, पुणे अशा फेऱ्या मारत दहा वर्षंही पुरतं चाललं नाही. शहरातल्या पत्राला चळवळीची भरती लागते. ओहोटी आली की भाडं थकतं. तरवडीत छापखाना स्वतःच्या गावात, पोटाला शेती, आणि संपादक, लेखक, मालक एकच. खर्च इतका कमी की भरतीची वाट पाहायची गरजच नाही.

एक गोष्ट विरोधकांच्या बाजूनेही मांडली पाहिजे. संपादकाचं आडनाव पाटील. पाटील आणि कुलकर्णी यांचं वैर हे गावगाड्याइतकंच जुनं. त्यातल्या एकाच्या हाती छापखाना आला तर तो दुसऱ्यावरच झाडणार, असं कोणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येत नाही. मात्र पाटलाच्या नावाने बसलेल्या माणसाने सावकाराला, भोंदूगिरीला आणि लग्नात कर्ज काढून मिरवणाऱ्या आपल्याच भावबंदांनाही सोडलं नाही, हे त्याचं उत्तर आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९५० चा कायदा केला आणि परगणा व कुलकर्णी वतनं संपली. १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुलकी पाटीलकीही गेली. तोवर नगर जिल्ह्याचा नूर पालटला होता. लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना सुरू होता, कालव्याचं पाणी फिरत होतं, बहुजनांची पोरं वकील, मास्तर आणि आमदार होत होती. ज्यांच्यासाठी ‘दीनमित्र’ निघाला, त्यांतले काही आता स्वतःच गावचे धनी झाले होते. या नव्या धन्यांवर आसूड ओढायला नवा संपादक हवा होता. तो तरवडीत तयार झाला नाही, आणि एकहाती चालवलेल्या पत्राकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही. १९६७ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, मुकुंदराव गेले. ‘दीनमित्र’ही तिथेच थांबला.

तरवडीत आज त्यांचं स्मारक आहे. पण अशी साप्ताहिकं एकट्या नगर जिल्ह्याची नव्हेत. महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यातून कधी ना कधी एखादं निघालं आहे, आणि त्यांचे अंक जिल्हा ग्रंथालयांपेक्षा घरांच्या माळ्यांवर जास्त आहेत. कोणाकडे आजोबांच्या ट्रंकेत असा गठ्ठा असेल तर तो रद्दीत घालू नये. जवळच्या कॉलेजच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाकडे द्यावा, आणि देताना पोच मागून घ्यावी.